पोरगं आळंदीला आहे

आमच्या गेवराई तालुक्यात धर्मशास्त्राचं उच्च शिक्षण वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नसतात. एसटी स्टँडवर, सोयरिकीच्या बैठकीत, कापसाच्या काट्यावर लोक एवढंच सांगतात, ‘थोरला भरतीचं बघतोय, धाकटं आळंदीला आहे.’ ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. पोरगं चार वर्षं इंद्रायणीच्या काठी राहणार, ज्ञानेश्वरी आणि गाथा पाठ करणार, पखवाज नाहीतर चाली शिकणार आणि परतल्यावर कीर्तनाला उभं राहणार, हे त्यात आलं.

या शिक्षणाचा इतिहास संस्थांच्या अहवालांत फारसा सापडायचा नाही. तो जेवणाच्या हिशेबात सापडतो. आमच्या भागात धर्माचा खोल अभ्यास कोणी केला, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरलं आहे: शिकणाऱ्याला त्या काळात जेऊ कोण घालत होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. आता निवृत्त आहे. आमचं गाव गोदेच्या काठचं. माझे थोरले चुलते, ज्यांना सगळं घर बप्पा म्हणायचं, निजामाच्या अमलात आळंदीला जाऊन शिकून आले. पुढे गावच्या सप्ताहाची वही माझ्याकडे आली. त्यामुळे शिकणारा काय शिकतो हे बप्पांकडून कळलं आणि ऐकणारा काय पारखतो हे वहीतून. पुढचं सगळं या दोन खिडक्यांतून पाहिलेलं आहे.

पैठणहून खाली आलेली गोदावरी आमच्या तालुक्याची उत्तरेकडची शीव धरून वाहते. या काठानं धर्माभ्यासाची फार जुनी केंद्रं पाहिली. वरच्या अंगाला पैठण, म्हणजे शास्त्र्यांचं गाव. आपेगावची कुलकर्ण्यांची पोरकी मुलं शुद्धिपत्रासाठी इथल्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली, ही परंपरेतली कथा सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांचं घराणं मूळचं पैठणचंच, पुढे काशीला जाऊन स्थिरावलेलं. त्या शास्त्राभ्यासाचा दरवाजा जन्मानं उघडत असे. बटू गुरूच्या घरी राही, ब्राह्मणांच्या घरी माधुकरी मागे. शिजलेलं अन्न ब्राह्मणघरचं, पण त्यातलं धान्य कुळवाड्याच्या शेतातलं. ज्याच्या जोंधळ्यावर पाठशाळा चाले, त्याच्या पोराला तिच्या ओट्यावर बसता येत नसे.

पदवी देणारेही पंडितच. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची मराठी टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली. प्राकृतात भागवत आणल्याबद्दल तिथल्या पंडितांनी आधी हरकत घेतली, मग ग्रंथ पारखला आणि शेवटी मिरवला, असं सांगतात. पैठणच्या ब्राह्मणालाही आपल्या मराठीसाठी काशीची मान्यता लागली. परीक्षक कोण, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या नदीच्या पाण्यात आहे.

दुसरं केंद्र खुद्द आमच्या तालुक्यात आहे, पांचाळेश्वर. महानुभावांचं हे आत्मतीर्थ. दत्तात्रेय प्रभू रोज दुपारी भोजनाला इथं येतात अशी श्रद्धा आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी जो पंथ उभा केला, त्यानं शास्त्र शिकण्याची पात्रता जातीवर ठेवली नाही आणि बाईलाही संन्यास दिला. शिष्यांच्या पोटाची सोय त्यांनी अगदी साधी लावली: चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावी, मिळेल ते खावं. अन्न सगळ्यांचं, म्हणून विद्याही सगळ्यांची. या पंथात शिकणं म्हणजे पाठांतर. म्हाइंभटांनी जमवलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत गेली, तेव्हा ज्यांना ते पाठ होतं त्यांच्याकडून ते पुन्हा उभं करावं लागलं. त्यांत हिराइसेचं नाव आदरानं घेतलं जातं. सातशे वर्षांपूर्वी मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ एका बाईच्या स्मरणशक्तीवरही तरला, हे मी वर्गात मुलींना मुद्दाम सांगत असे. पुढे मात्र या पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले. आत आलेल्याला जात आडवी येत नव्हती, पण बाहेरच्याला एक अक्षरही लागत नव्हतं.

तिसरं केंद्र फिरतं होतं: वारकऱ्यांचे फड आणि दिंड्या. वासकर, देहूकर अशा फडांवर शिकणं म्हणजे वर्षानुवर्षं टाळ धरून मागं उभं राहणं. कीर्तनाचा मान बहुधा घराण्यात चाले. शेतकऱ्याच्या पोराला ऐकायला मज्जाव नव्हता. पण ग्रंथ क्रमानं, अर्थासह, चार वर्षं कुणी समोर बसून शिकवील, अशी जागा त्याच्यासाठी कुठंच नव्हती.

ती १९१७ साली झाली. त्या एक-दोन वर्षांत धर्मशिक्षणाच्या तीन संस्थांना आकार आला आणि तिन्हींचा आमच्या मुलखाशी संबंध येतो. १९१७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी उर्दू माध्यमाच्या विद्यापीठाचा हुकूम काढला. पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा त्यात धर्मविद्येची स्वतंत्र शाखा होती. हैदराबादेत त्याआधीच, १८७६ पासून, जामिया निजामिया चालू होती. तिचे संस्थापक अन्वारुल्ला फारुकी आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचे. १९१८ मध्ये बंगालात सेरामपूर कॉलेजचा कायदा झाला. डेन्मार्कच्या राजानं १८२७ साली दिलेल्या सनदेचा पदवीचा अधिकार त्यानं पक्का केला आणि ख्रिस्ती धर्मविद्येच्या पदव्या हिंदुस्थानभर त्या छत्राखाली येऊ लागल्या. आणि १९१७ च्याच गुढीपाडव्याला आळंदीत विष्णुबुवा जोगांनी वारकरी शिक्षण संस्था काढली.

गेवराईच्या कुणब्याच्या पोराच्या जागी उभं राहून पाहा. तो निजामाची रयत. त्याच्या राजाच्या विद्यापीठात धर्म शिकवत होते, पण उर्दूत आणि दुसऱ्या धर्माचा. मराठी खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी, आणि ती सहजी मिळत नसे. त्याला आपल्या भाषेत आपला धर्म शिकायचा तर राज्य ओलांडून जावं लागे. त्या तिन्हींत सगळ्यात गरीब संस्था आळंदीची होती. तिला ना सनद होती, ना कायदा, ना इमारत.

जोग महाराज पुण्याचे. जन्म १८६७ चा. तरुणपणी कुस्तीचा नाद, जन्मभर ब्रह्मचारी, राजकारणात टिळकांचे चाहते. तुकोबांची गाथा अर्थासह छापण्याचं त्यांचं काम १९०९ मध्ये लोकांपुढे आलं. कीर्तनकाराला आवाज आणि ठेका असून भागत नाही, बोलतो त्या प्रत्येक वाक्याला संतांच्या ग्रंथाचं प्रमाण देता आलं पाहिजे, ही त्यांची तळमळ. स्वतः ब्राह्मण असून त्यांनी समोर बसवली ती मुख्यतः शेतकरी-कष्टकऱ्यांची मुलं. फी नव्हती. संस्था काढल्यावर तीन वर्षं पुरती झाली नाहीत तोच, फेब्रुवारी १९२० मध्ये ते गेले. ती टिकली ती शिष्यांमुळे: बंकटस्वामी, लक्ष्मणबुवा इगतपुरीकर, मारुतीबुवा गुरव, आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे सोनोपंत ऊर्फ मामासाहेब दांडेकर. पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले मामासाहेब पुण्यात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान समजावत आणि आळंदीत अमृतानुभव. १९५३ साली त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आली. आमच्या घरातली प्रत शिवून शिवून जाडजूड झाली आहे.

बप्पा कार्तिकीच्या दिंडीबरोबर गेले. त्या वेळी मिसरूड फुटलेलं नव्हतं. गावातली शाळा उर्दूची, तिचा त्यांना कंटाळा. घरात भाऊ चार आणि जमीन कोरडवाहू. आजोबांनी सरळ सांगितलं, ‘तिघं शेत बघतील, तू देवाचं बघ.’ भक्ती होतीच, पण खाणारं एक तोंड कमी झालं हेही आजोबांच्या मनात होतं, असं बप्पाच हसत सांगायचे. उमापुराकडून शेवगावच्या हद्दीत शिरलं की निजामाचं राज्य संपे आणि इंग्रजांचं सुरू होई. करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडी सोडून दाखवावी लागत. कनवटीला होते ते हाली शिक्क्याचे रुपये. इंग्रजी हद्दीत कलदार लागे, आणि सात हाली दिले की सहा कलदार हातात पडत. देवाकडे निघालेल्या पोरानं पहिला धडा गिरवला तो हुंडणावळीचा. नगरपर्यंत पायी, मग दौंडवरून रेल्वेनं पुणं, तिथून पुन्हा पायी आळंदी.

आळंदीतला दिवस पहाटे इंद्रायणीत बुडी मारून सुरू होई. काकडा, मग पाठांतर. दुपारी झोळी. प्रत्येकाची घरं ठरलेली. एका घरची भाकरी, दुसऱ्याचं कोरड्यास, तिसऱ्याच्या कण्या, सगळं एकाच झोळीत. आधी ते इंद्रायणीच्या पाण्यात बुडवून देवाला दाखवायचं, मग खायचं. ज्या घरी सुतक असेल, ते घर चुकवायचं. ज्या घरी सून बाळंतीण असेल, तिथं ताटकळत उभं राहायचं नाही. ‘ज्ञानेश्वरीतली दैवी संपत्ती पुस्तकात नंतर वाचली,’ बप्पा म्हणायचे, ‘आधी ती दारात उभं राहून शिकलो. कुणी ‘पुढं व्हा’ म्हटलं तरी तोंड वाकडं करायचं नाही.’ माझ्या आईला मात्र ही गोष्ट कधी आवडली नाही. पाटलाच्या घरचं पोर भीक मागून शिकलं, हे तिला लाजिरवाणं वाटे. बप्पांना ते बिरुद वाटे.

अभ्यासाचा क्रम आजही ढोबळमानानं तोच आहे. हरिपाठ, गीता, विष्णुसहस्रनाम पाठ. ज्ञानेश्वरी ओवीवार, तुकोबांची गाथा, एकनाथी भागवत, चांगदेव पासष्टी, शेवटाकडे अमृतानुभव. वेदान्ताचा पाया पक्का व्हावा म्हणून विद्यारण्यांची पंचदशी आणि निश्चलदासांचा विचारसागर. जोडीला टाळ, पावली, चाली आणि पखवाज. अभंग समोर आला की आधी शंका उभी करायची, ती नीट मांडायची, मग खोडायची, मग प्रमाण द्यायचं. बप्पांची शाळा निजामाच्या चौथीपर्यंतच झाली होती. पण ‘जग मिथ्या आहे तर भूक खरी कशी?’ असा प्रश्न मी कॉलेजातून येऊन टाकला, तेव्हा त्यांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडून दाखवली आणि मग तासभरात ती निस्तरून ठेवली. तर्कशास्त्राचं पुस्तक मी बी.एड. करताना पाहिलं. तर्क पाहिला तो आमच्या ओसरीवर.

बीड जिल्ह्यातून आळंदीला इतकी मुलं का गेली, याची कारणं जमिनीत आणि डोंगरावर आहेत. पाऊस बेभरवशाचा, शेत वर्षातले काही महिनेच काम देणारं, शाळा तुरळक. आणि बालाघाटच्या माथ्यावर गड होते. नगद नारायणांचा नारायणगड, गहिनीनाथगड, पुढे भगवानगड. गड म्हणजे आमच्याकडचं वसतिगृह, धान्याचं कोठार आणि प्राथमिक शाळा. जोग महाराजांचे शिष्य बंकटस्वामी आमच्याच जिल्ह्यातले. नेकनूरला त्यांचं संस्थान आहे. पाटोदा तालुक्यातल्या सावरगावच्या सानप कुटुंबातला आबा नावाचा मुलगा नारायणगडावर माणिकबाबांकडे आला, आळंदीत बंकटस्वामींकडे शिकला आणि परतल्यावर भगवानबाबा झाला. १९६५ मध्ये ते गेले तोवर वंजारी, मराठा, माळी, धनगर अशा घरांत आळंदी ही ऐकीव गोष्ट राहिली नव्हती. आपल्यासारखाच एक शिकून आला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमच्याकडे पोर घराबाहेर पाठवत नाहीत. ते पाहायला मिळालं.

आता परीक्षेकडे येतो. आळंदीहून परतलेल्याला कागद विचारणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. त्याची परीक्षा सप्ताहात व्हायची. सप्ताहाचं आजचं रूप गोदाकाठानंच घडवलं म्हणायला हरकत नाही. सराला बेटाचे गंगागिरी महाराज याच नदीवरचे, वरच्या अंगाचे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी अखंड हरिनाम सप्ताहाची जी परंपरा घातली, तिच्या पंगती आजही लाखांच्या असतात. गावोगावचा सप्ताह त्याच साच्यातला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन किंवा गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन, नंतर जागर. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. गडांच्या नारळी सप्ताहात तर पुढच्या वर्षीचं यजमानपदसुद्धा नारळ देऊन ठरतं. ज्या गावानं नारळ घेतला, त्यानं वर्षभर धान्य जमवायचं.

नव्या पोराला पहिलं कीर्तन मिळायचं ते पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, गर्दी कमी असताना. मागं टाळकरी, बाजूला पखवाजी, पुढं पागोटेवाले म्हातारे. यांतल्या अनेकांना सही येत नव्हती, पण गाथा येत होती. चरण चुकला की मागचा टाळकरी चालीतच तो सावरून घेई. ते अब्रू राखणं. दुसऱ्यांदा चुकला की म्हातारे तंबाखूची चंची काढत. तो निकाल. पैठणचे पंडित लिहिलेला ग्रंथ पारखत. आमचे निरक्षर म्हातारे बोलणारा माणूस पारखत, आणि पुढच्या साली त्याला बोलावलं की तो पास. वहीत मला अशी नावं दिसतात, जी एकदाच आली आणि पुन्हा कधी आली नाहीत. अशीही दिसतात, जी पंचवीस-तीस वर्षं दर पानावर आहेत.

या परीक्षेला शाळेचीही अट नव्हती, हे गाडगेबाबांनी दाखवून दिलं. त्यांनी कुठल्याही पाठशाळेत पाऊल ठेवलं नाही, लिहिणं-वाचणं शिकले नाहीत. पण समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत विचारत ते कीर्तन उभं करत. आणि सांगत काय, तर ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. मी मास्तर झालो त्यात बप्पांचा वाटा आहेच, पण गाडगेबाबांचं हे सांगणं आजीच्या कानावर पडलं होतं, त्याचाही आहे.

आणि इथंच जेवणाची गोष्ट उलटी फिरते. शिकेपर्यंत दारोदार अन्न मागायचं, पण शिकून कीर्तनाला उभं राहिलं की जिथं कीर्तन केलं तिथं जेवायचं नाही, बुक्कासुद्धा लावून घ्यायचा नाही, असा तुकोबांचा दंडक. शिष्यानं सगळ्यांचं खावं, म्हणजे अहंकार गळेल. गुरूनं कुणाचंच खाऊ नये, म्हणजे भीड पडणार नाही. यजमानाच्या पंगतीला बसलेला माणूस रात्री यजमानाला खडसावू शकत नाही, एवढा व्यवहार त्यात आहे. बप्पांनी तो जन्मभर पाळला. परगावी कीर्तनाला जाताना चुलती दशम्या बांधून द्यायची. घरी परत यायचा तो फक्त नारळ. अर्थात त्यांच्यामागं तीन भाऊ शेत करत होते, म्हणून हे परवडलं. नियम बप्पांनी पाळला, पण त्याचा खर्च माझ्या वडिलांनी उचलला. हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवतो.

वहीतले रकाने बदलत गेले त्यांतूनही हेच दिसतं. जुन्या पानांवर कीर्तनकाराच्या नावापुढे ‘नारळ, शेला’ एवढंच आहे. मग ‘जाण्यायेण्याचा खर्च’ आला. मग ‘दक्षिणा’. आता ‘मानधन’ असा छापील रकाना आहे, तारीख वर्षभर आधी घ्यावी लागते आणि मंडप, ध्वनिक्षेपक, चित्रीकरण यांचे आकडे त्याच्या शेजारी बसतात. मी याला अधोगती म्हणत नाही. ज्याच्यामागं तीन भावांचं शेत नाही, त्या पोरानं कशावर जगायचं? पैसे न घेण्याचा दंडक ज्यांच्या घरी भाकरी आहे त्यांनाच पेलतो. पण मानधनाबरोबर भीडही आली. काही महाराज आता अभंग निवडताना व्यासपीठावर कोणता पुढारी बसला आहे ते पाहतात.

आमच्या भागात धर्माचा अभ्यास करणारे फक्त टाळकरीच आहेत असं समजू नये. शेजारच्या अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनची धर्मविद्येची शाळा एकोणिसाव्या शतकापासून होती. रॉबर्ट ह्यूम तिथं शिकवत, आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळकही. खेड्यापाड्यांतल्या गरीब, पुष्कळदा पूर्वास्पृश्य घरांतली मुलं तिथं पाळक व्हायला जात. त्यांच्या शिक्षणाचा खर्च मिशन उचले. मशिदींतले इमाम मदरशांतून शिकून येतात, आणि मदरशाची भाकरी जकातीवर आणि मोहल्ल्यावर चालते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. आज तिचे बौद्धाचार्य गावोगाव मंगल परिणय लावतात, धम्माची शिबिरं घेतात. हे बौद्धाचार्य बहुतेक नोकरी-मजुरी करून, घरचं खाऊन शिकलेले गृहस्थ. ज्यांना शतकानुशतकं सप्ताहाच्या पंगतीत वेगळं बसवलं, त्यांनी आपलं धर्मशिक्षण कुणाच्या झोळीवर उभं केलं नाही, यात आम्हा वारकऱ्यांसाठी एक उत्तर आहे. ते ऐकून घेण्याची सवय आम्हाला अजून लागलेली नाही.

आज आळंदीला कोण जातं? तालुक्यात पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, गढीला साखर कारखाना उभा राहिला. तरीही दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतातच. उसाच्या फडावर पोराची शाळा बुडते. मग आई-बाप त्याला आळंदीला ठेवतात. तिथं आता मूळ संस्थेखेरीज खासगी वारकरी संस्था गल्लोगल्ली निघाल्या आहेत. मूल सकाळी शाळेत जातं, संध्याकाळी मृदंग शिकतं. दोन वेळचं जेवण आणि छप्पर मिळतं, हे आई-बापांच्या लेखी मोठं. आजोबांनी बप्पांच्या बाबतीत केलेला हिशेब अजून तसाच आहे. बदललं ते एवढंच की तेव्हा सगळी आळंदी दारं उघडून पोरांना पाहत होती आणि आता पोरं बंद दाराआड राहतात. काही ठिकाणी मुलांच्या छळाच्या तक्रारी झाल्या, नोंदणी आणि तपासणीची मागणी पुढे आली, ते उगाच नाही. माधुकरीत एक संरक्षण होतं. रोज पाच घरच्या बायका पोराचं तोंड पाहत होत्या. ते सुकलं असेल तर त्या विचारत.

मुलींचं काय? मुक्ताबाई, जनाबाई, वैजापूरकडच्या देवगावची बहिणाबाई यांचे अभंग घेऊन पुरुषांनी शेकडो वर्षं कीर्तनं केली. वारकरी शिक्षण संस्था मुलांसाठीच राहिली. आता आमच्याकडे तरुण मुली कीर्तनाला उभ्या राहतात, गर्दीही होते. कुणी वडिलांजवळ शिकलं, कुणी एखाद्या महाराजांच्या घरी, कुणी मोबाइलवर ऐकून. पैठणच्या संतपीठाची घोषणा होऊन चार दशकं गेली, तेव्हा कुठे २०२१ मध्ये तिथं प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठाच्या देखरेखीखाली, मुलींना खुले. माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी तिथं जायचं म्हणत होती. शिकवणं स्वस्त आहे, पण पैठणला राहायचं कुठं आणि जेवायचं काय, यावर तिचं घोडं अडलं. पाठशाळेच्या काळापासून अडतं तिथंच.

म्हणून गेल्या पाडव्याला सप्ताह कमिटीच्या बैठकीत मी एक ठराव मांडला. आपण महाप्रसादाला जे धान्य जमवतो, त्यातून दरसाल काही पोती बाजूला काढावीत आणि गावातल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाचा जेवणखर्च उचलावा. त्यानं आळंदीला जावं, तिनं संतपीठात जावं, बौद्धवाड्यातल्या एखाद्यानं पाली शिकावी. बारावीची परीक्षा चुकवायची नाही, एवढी अट. आणि कमिटीतल्या कुणीतरी दर दोन महिन्यांनी जाऊन त्याचं तोंड बघून यायचं. पाली म्हटल्यावर एक-दोघं चुळबुळले. मुलगी म्हटल्यावर आणखी काही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘मास्तर, ती शिकून आली आणि कीर्तनाला उभी राहिली, तर आपण बसणार का पुढं?’ मी म्हटलं, ‘बसून तर बघू. चरण चुकला तर चंची आहेच तुमच्याकडं.’

ठराव मंजूर झालेला नाही. नामंजूरही झालेला नाही. मंडपवाल्याची उचल द्यायची होती म्हणून विषय मागं पडला. यंदा मी तो वहीत पहिल्याच पानावर लिहिला आहे, मानधनाच्या रकान्याच्या वर, आणि पोत्यांचा आकडा तेवढा रिकामा ठेवला आहे.